पेपर कुणाचा?

बीड जिल्ह्यात बातमी खरी की खोटी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पेपर कुणाचा? हॉटेलात चहा सांगून बसलेला माणूस पान उलगडतो, मथळा वाचतो, मग नजर वर नेऊन पेपराचं नाव बघतो आणि मान हलवतो. त्या मान हलवण्यात सगळा हिशेब होऊन जातो. मालक कोण, त्याचं कुणाशी जमतं, मागच्या निवडणुकीत तो कुणाच्या गाडीत होता, मेव्हण्याला कुठल्या रस्त्याचं काम मिळालं. एवढं सगळं वजा करून जे उरतं ती बातमी. ही वजाबाकी आमच्याकडे चौथी शिकलेले बप्पाही बिनचूक करतात. बाहेरून बदली होऊन आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने या प्रश्नाला संपादकाचं नाव सांगून उत्तर दिलं, की समोरचे गालातल्या गालात हसतात. संपादकाचं कोण विचारतंय?

विद्यापीठांतून हीच वजाबाकी मोठ्या पाटीवर चालते. 1956 मध्ये सीबर्ट, पीटरसन आणि श्रॅम या अमेरिकन प्राध्यापकांनी जगातली वृत्तपत्रव्यवस्था चार खात्यांत टाकली: हुकूमशाही, उदारमतवादी, सामाजिक जबाबदारीची आणि सोव्हिएत. शीतयुद्धाचे दिवस होते. खाती आधी ठरली आणि देश मागून भरले, असं ते पुस्तक आज वाचताना वाटतं. पुढे 2004 मध्ये डॅनियल हॅलिन आणि पाओलो मान्चिनी यांनी पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतले अठरा देश घेतले आणि जरा खाली वाकून पाहिलं. पेपर कोण विकत घेतो, पक्षाशी त्याचं नातं काय, पत्रकारांना स्वतःचे म्हणून काही नियम आहेत का, सरकार किती हात घालतं. त्यातून तीन नमुने निघाले. इंग्लंड-अमेरिकेचा बाजारावर चालणारा. जर्मनी आणि उत्तर युरोपचा, जिथे पक्षांची, संघटनांची पत्रं होती पण व्यवसायाची शिस्तही मुरलेली होती. आणि तिसरा भूमध्य समुद्राकाठचा: इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस. खप कमी, राजकारणाची चव भारी, पेपर कुठल्या ना कुठल्या गोटाला बांधलेला, आणि मालकाचा खरा धंदा दुसराच. पेपर हे सरकारदरबारी काम करून घेण्याचं हत्यार. हे तिसरं प्रकरण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर अथेन्स काही आलं नाही. बीडचा सुभाष रोड आला.

भारत त्या अठरांत नव्हता. पुढे त्याच दोघांच्या संपादनाखाली पश्चिमेबाहेरच्या देशांवर वेगळा ग्रंथ निघाला, पण तिथेही माप देशाचंच. देश म्हणजे एक व्यवस्था. माझी अडचण तिथेच सुरू होते. सीमाविरहित वार्ताहर संघटनेच्या वृत्तस्वातंत्र्याच्या 2025 च्या यादीत 180 देशांत भारत 151 वा होता. त्या आकड्यात मुंबईची वृत्तवाहिनी, केरळातलं घराघरांत जाणारं दैनिक आणि केजचा तालुका प्रतिनिधी एकाच पोत्यात भरलेले आहेत. केजच्या माणसाला 151 व्या क्रमांकाचा अनुभव येत नाही. त्याला अनुभव येतो तो एका फोनचा, आणि तो फोन दिल्लीहून आलेला नसतो.

1956 साल आमच्या लक्षात राहिलं ते वेगळ्या कारणाने. त्या वर्षी हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. संक्रमण हा शब्द अभ्यासक पोलंड, इंडोनेशियासाठी वापरतात. आमचं संक्रमण त्याच्या कितीतरी आधीचं. आष्टीच्या माळावरून पलीकडे उतरलं की नगर जिल्हा, इंग्रजी मुलूख. अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. पलीकडेही पत्रकाराला मोकळं रान होतं असं नाही, टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षं मंडालेला धाडलं ते केसरीतल्या लेखांवरूनच. पण तिथे खटला उभा राहायचा, वकील बोलायचा आणि त्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी छापून यायचं. इथे फर्मान निघायचं. सभा घ्यायची तर गश्ती क्रमांक 53 खाली परवानगी. पत्र काढायचं तर परवानगी, आणि ती केव्हा काढून घेतली जाईल याचा नेम नाही. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 च्या सुमारास 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा नाव बदलून ब्रिटिश हद्दीतून ते निघत राहिलं. नव्या नावावर बंदी आली की आणखी नवं नाव. म्हणजे बीड, परभणीत काय चाललंय हे बीड, परभणीला बाहेरून छापून आलेल्या कागदावरून कळायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतल्या आत राहून लिहिण्याची किंमत शोएबुल्ला खान यांनी मोजली. ते हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. मुसलमान असून निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, आमच्या शेजारच्या लातूरचा वकील. 1948 च्या ऑगस्टमध्ये, कचेरीतून रात्री घरी परतताना शोएबुल्लांना गोळ्या घातल्या आणि हात तोडला. त्यानंतर महिनाही गेला नाही तोवर 17 सप्टेंबर उजाडला आणि निजाम शरण आला.

इथे गोष्ट संपली असती तर आम्हीही वर्गवारीत नीट बसलो असतो. आधी हुकूमशाही, मग लोकशाही, मधे एक रेघ. पण पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय लष्करी कारवाईनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या गावागावांतून मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. गफ्फार हे स्वतः पत्रकार, हैदराबादचं 'पयाम' त्यांनी चालवलेलं. दोघे जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. सगळ्या हैदराबाद संस्थानातल्या मृतांचा त्यांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड इथे सगळ्यात जास्त, आणि इतर जिल्ह्यांत बीडचंही नाव आहे. तो अहवाल नव्या लोकशाही सरकारने कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. निजामाच्या अत्याचारांबद्दल छापायला आता कुणाची आडकाठी नव्हती आणि ते भरभरून छापलं गेलं. दुसरी बाजू मात्र कुठल्याच गोटाला सोयीची नव्हती. सरकारला नव्हती, काँग्रेसला नव्हती, लढ्यातून आलेल्या कार्यकर्त्यांना नव्हती, गावातल्या ज्यांच्या हाती त्या घरांच्या जमिनी आल्या त्यांना तर नव्हतीच. जे वाचले त्यांची पत्रं उर्दूत, आणि उर्दूचं राज्य नुकतंच गेलेलं.

'मराठवाडा' पुढे अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखाली औरंगाबादचं दैनिक झालं. आमच्या आधीच्या पिढीचा तो शिक्षणाचा एक भागच होता. स्वातंत्र्यसैनिकाने चालवलेलं, जाहिरातीसाठी वाकायचं नाही हा बाणा असलेलं, दुष्काळ, रेल्वे, विद्यापीठ, सिंचन यांवर टोकदार लिहिणारं. आणीबाणीत भालेराव तुरुंगात गेले. पण 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला तेव्हा हेच भालेराव आणि त्यांचं पत्र नामांतराच्या विरोधात उभं राहिलं. खेड्यांत दलितांची घरं जळत होती. मला भालेरावांबद्दल आदर आहे आणि तो हे लिहूनही राहतो. पण त्या दिवसांत दलित वस्तीतल्या माणसानेही तोच प्रश्न विचारला असणार, पेपर कुणाचा? आणि स्वातंत्र्यलढ्याचा, तत्त्वाचा, निःस्पृह माणसाचा, या उत्तराने त्याचं समाधान झालं नसणार. नामांतर 1994 च्या 14 जानेवारीला झालं, तेही नामविस्तार म्हणून. तोवर ते दैनिक उतरणीला लागलं होतं. बाजारावर चालणारी मोठी साखळी दैनिकं आली, रंगीत पानं आली. जुन्या लोकांनी हळहळ केली. माझ्या मते ती निम्मीच रास्त होती.

जिल्ह्याच्या पेपरांची कुळकथा यापेक्षा साधी आणि जास्त गमतीची. सुरुवातीला असायची एक खोली, एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या केसेस. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दहाव्याची पत्रं छापणारा तोच छापखाना आठवड्यातून एकदा वर्तमानपत्र छापायचा. कंपोझिटर उभ्याने, हातातल्या स्टिकमध्ये उलटी अक्षरं जुळवायचा; काना-मात्रा-वेलांट्या वेगवेगळ्या कप्प्यांत. रफार संपला की मजकुरातला शब्द बदलायचा. 'मार्ग' ऐवजी 'रस्ता' चालायचा, 'कार्यकर्ते' ऐवजी 'मंडळी'. मजकुरावर एवढी सत्ता पुढे कुठल्याच उपसंपादकाला मिळाली नसेल. मग ऑफसेट आली, संगणक आला, आणि साप्ताहिकांची दैनिकं झाली. बीडमध्ये 'झुंजार नेता', 'चंपावतीपत्र' यांसारखी नावं रुजली आणि त्यांच्यामागून इतकी निघाली की या मागास म्हटलेल्या जिल्ह्यात दैनिकांची गर्दी हा विनोदाचा विषय झाला. उर्दू पेपरही निघत राहिले.

एवढे पेपर जगतात कसे, हे कळायला सतरा सप्टेंबरचा कुठलाही अंक हातात घ्यावा. बारा पानांत बातमी शोधायला भिंग लागतं. मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा: पालकमंत्री, आमदार, माजी आमदार, भावी आमदार, कारखान्याचे चेअरमन, बाजार समितीचे सभापती, पतसंस्था, शिक्षण संस्थेचे सचिव. मधे स्वामी रामानंद तीर्थांचा तिकिटाएवढा फोटो. स्वामीजींनी ज्या मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, शाळा चालवली तिथल्या अंकातही त्यांना यापेक्षा जास्त जागा मिळत नाही, कारण शुभेच्छुकांचे फोटो मोठे असावे लागतात. एक पान जिल्हा माहिती कार्यालयाकडून आलेल्या सरकारी जाहिरातीचं. ती मिळायची तर शासनमान्य यादीवर नाव हवं, यादीत अ, ब, क अशी श्रेणी, आणि श्रेणीप्रमाणे दर. मग निविदा, जाहीर नोटिसा, तहसीलच्या, न्यायालयाच्या. काही साप्ताहिकं तर केवळ फाइलपुरत्या प्रती काढून यादीवरची जागा राखतात.

तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो. तो एजन्सी घेतो, डिपॉझिट भरतो, अंक वाटतो, वसुली करतो, जाहिराती आणतो आणि त्यातून वेळ उरला तर बातमी पाठवतो. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने गेल्या महिन्यात काढली त्याच्याच रस्त्याच्या कामावर त्याने या महिन्यात लिहावं, अशी अपेक्षा पुण्या-मुंबईचे लोक परिसंवादांतून करतात. इंडोनेशियात सुहार्तोंची राजवट 1998 मध्ये कोसळली, पुढच्या वर्षीच्या कायद्याने वृत्तपत्राच्या परवान्याची भानगडच संपली आणि शेकडो नवी पत्रं निघाली. पण पत्रकार परिषद संपल्यावर हातात पडणारं पाकीट होतं तिथेच राहिलं. पाकिटाची गोष्ट वाचताना बीडच्या माणसाला दुभाष्या लागत नाही. आणि हे फक्त गरीब बातमीदाराचं दुखणं नव्हे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिलं, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दन्शब्द सारखी छापून आली होती. ते नेते आमच्याच मराठवाड्याचे, पेपर मात्र महाराष्ट्रभराचे.

तरीही आमच्या या बांधलेल्या पेपरांची बाजू मला थोडी घ्यायची आहे. हंगेरीत 1989 नंतर खुलेपणा आला, जिल्हा दैनिकं परदेशी कंपन्यांनी विकत घेतली, छपाई सुधारली. मग एकेक करून ती सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या उद्योगपतींकडे गेली. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मालकांनी चारशेहून अधिक पत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं एकाच प्रतिष्ठानला चक्क दान केली. सेन्सॉर नेमला नाही, छापखान्याची वीज तोडली नाही. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याचं दैनिक एकाच मालकाचं झालं. तिथल्या वाचकाला पेपर कुणाचा हे विचारण्यात अर्थच उरला नाही, उत्तर सगळीकडे तेच. बीडमध्ये उत्तरं वेगवेगळी येतात. काका-पुतणे फुटतात, भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहतात, पुन्हा एकत्र येतात, आणि दर फुटीबरोबर एखादं कपाट उघडतं. एकाच्या बँकेचा घोटाळा दुसऱ्याच्या पेपरात, दुसऱ्याच्या चारा छावणीतली बोगस जनावरं पहिल्याच्या. दोन्ही वाचणाऱ्याला बऱ्यापैकी खरं कळतं. 1967 मध्ये साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर धाडणारा आणि 2024 मध्ये साडेसहा हजार मतांनी निकाल फिरवणारा हा जिल्हा राजकारणाच्या बाबतीत भोळा नाही.

मस्साजोगचं प्रकरण याच वाटेने बाहेर आलं. केज तालुक्यातल्या या गावाचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे घडल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. निकाल न्यायालय देईल. बातमी पेटली ती आष्टीचे आमदार सुरेश धस सत्ताधारी पक्षात असूनही रोज बोलू लागले तेव्हा. मग वाहिन्यांच्या गाड्या आल्या, रंगीबेरंगी बूम आले, यूट्यूबवाले आले. ज्या गोष्टी जिल्ह्यात वर्षानुवर्षं कुजबुजत सांगितल्या जात, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख, वाळू, हप्ते, पिस्तुलाचे परवाने, त्या महिना-दोन महिने मोठ्या आवाजात सांगितल्या गेल्या. 3 मार्च 2025 ला आरोपपत्रातले हत्येचे फोटो सगळीकडे फिरले, आणि ज्यांचा निकटवर्ती आरोपींत होता त्या मंत्री धनंजय मुंडे यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. कारण प्रकृतीचं सांगितलं. स्थानिक वैर नसतं तर हे कितपत बाहेर आलं असतं, मला शंका आहे. पण वैरातून आलेल्या बातमीला वैराचा वासही येतो. मोबाइलवर ती जातीच्या ओळीवर दुभंगली. इकडच्या गटात एक व्हिडिओ, तिकडच्या गटात दुसरा. त्याच सुमारास पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकायला लावली. प्रश्न पेपरापुरता उरला नव्हता, पोलीस कुणाचा इथपर्यंत आला होता.

मोबाइलच्या पडद्यावर ही वजाबाकी चालत नाही, हे त्याआधीच दिसलं होतं. 30 ऑक्टोबर 2023 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनाबद्दल माजलगावच्या आमदारांच्या बोलण्याची एक ध्वनिफीत फिरली आणि संध्याकाळपर्यंत माजलगावात त्यांचं घर पेटलं, बीडमध्ये आणखी एका आमदाराचं घर पेटलं. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. पेपराचं नाव वर छापलेलं असतं. फिरत आलेल्या क्लिपवर फक्त 'फॉरवर्डेड' एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून काय वजा करायचं?

बरं, गटाच्या भांडणातून खरं बाहेर येतं हे मान्य केलं, तरी ज्या गोष्टीवर गटांचं भांडणच नाही तिचं काय? दसरा झाला की जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत राबायचं, खाडा झाला की दंड. मुकादम सगळ्याच गटांत आहेत, कारखानदारही सगळ्याच गटांत. मजूर सहा महिने गावात नसतो, पेपर विकत घेत नाही, शुभेच्छांची जाहिरात देत नाही. तोडणीच्या दरवाढीचा संप झाला तर तो पहिल्या पानावर येतो, कारण त्यात नेता असतो. बायका गर्भपिशवी काढून तोडीला जातात हे कार्यकर्त्या सांगत होत्या, गावं जाणत होती, दवाखाने तर जाणतच होते. त्याची राज्यभर, देशभर बातमी झाली ती 2019 मध्ये 'हिंदू बिझनेसलाइन' या इंग्रजी अर्थविषयक दैनिकाने ती छापल्यावर. मग विधिमंडळात आवाज उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा बायकांमागे एक. निजामाच्या काळी पलीकडच्या मुलखातून आमचीच बातमी आमच्याकडे यायची. फर्मान जाऊन सत्तर वर्षं झाल्यावरही ही बातमी बाहेर छापून मगच आत आली. हुकूम कुणीच दिला नव्हता. जिल्ह्यातल्या सगळ्या पेपरांची मालकी मिळून जेवढी होते, तिच्या बाहेर ही बाई राहत होती एवढंच.

परवान्यावर, सेन्सॉरवर, मालकीवर बांधलेल्या वर्गवाऱ्यांत हे कुठे बसवायचं मला समजत नाही. म्यानमारमध्ये 2013 च्या एप्रिलपासून खाजगी दैनिकांना पुन्हा परवानगी मिळाली आणि 2021 च्या लष्करी उठावानंतर ती गेली. तिथे बंद-चालू दिसतं, तारीख सांगता येते. आमच्याकडच्या या शांततेला तारीख नाही.

आता टोळीतल्या पोरांकडे मोबाइल आहेत. फडातून रील येतात: डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, मागे गाणं, खाली लाखो लाइक. पहाटेची थंडी, पाचटाचा जाळ, उसाच्या वाढ्यांचा भारा, कोपीपुढचा स्वयंपाक, सगळं त्यात असतं आणि चांगलं टिपलेलं असतं. पेपर कुणाचा हे विचारायची सोय नाही, ज्याचा कोयता त्याचाच कॅमेरा. मी ते रील बरेच बघतो. उचल किती घेतली, किती फिटली, खाड्याचे किती कापले आणि पिशवी कुठल्या दवाखान्यात काढली, हे मात्र अजून कुठल्या रीलमध्ये आलेलं माझ्या पाहण्यात नाही. मुकादमाच्याही हातात मोबाइल आहे, आणि टोळीच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन बहुतेक वेळा तोच असतो.